होकार कुणाचा? अवयवदानाच्या पाहणीविषयी थोडं

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

अवयवदानाबद्दल लोकांना काय वाटतं हे शोधण्यासाठी ज्या पाहण्या होतात, त्यांच्याबद्दल बोलायला मला सांगितलंय. आपल्यापैकी बऱ्याच गटांकडे अशी कामं येतात. प्रश्नावली तयारच असते. तुमची वस्तीत ओळख आहे, बायका तुम्हाला दार उघडतात, तर एवढे फॉर्म भरून द्या, असं सांगितलं जातं. काम चांगलं असतं, म्हणून आपणही हो म्हणतो. मीही म्हटलं. ते करताना माझ्या हातून एक चूक झाली. तिच्यापासूनच सुरुवात करते.

संध्याकाळची वेळ होती. घरात बाई पीठ मळत होती आणि नवरा कॉटवर बसला होता. मी एकेक प्रश्न वाचत होते. 'गरज पडल्यास कुटुंबातील व्यक्तीला जिवंतपणी अवयव देण्याची तुमची तयारी आहे का?' हा प्रश्न आला. बाईनं मान वर केली. ती बोलायच्या आत नवरा म्हणाला, "लिहा हो म्हणून. ती कशाला नाही म्हणतीय?" ती हसली. मी 'होय'च्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

बाहेर पडल्यावर माझ्याबरोबरची तरुण कार्यकर्ती म्हणाली, "ताई, ती बोललीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला नळावर गाठलं. म्हटलं, काल तुमचं उत्तर राहून गेलं. ती म्हणाली, "माझ्या थोरल्या जावेनं नवऱ्याला किडनी दिली. दीर वाचले, चांगलंच झालं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. बायको आहे म्हटल्यावर देणारच, असं सगळ्यांनी धरलं. आता हंडा उचलताना ती थांबली तर म्हणतात, तुला काय झालंय, एका किडनीवर माणूस जगतो." मग थोडं थांबून म्हणाली, "मीपण देईन. पण मला विचारा तरी."

तिचं उत्तर शेवटी 'होय'च होतं. माझी खूण आकड्याच्या हिशेबात चुकली नव्हती. तरी ती खूण तिची नव्हती. पाहणीतला होकार आणि बाईचा होकार यांत हे अंतर पडतं. आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण बऱ्याच प्रश्नावल्या त्या एकत्र करतात. एक मरणानंतरचं दान आणि दुसरं जिवंतपणीचं. मरणानंतरच्या दानातही फरक आहे. डोळे आणि त्वचा घरी मृत्यू झाला तरी देता येतात, पण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव मुख्यतः मेंदूमृत्यू झालेल्या माणसाचे देता येतात. म्हणजे माणूस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतो, मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं, पण यंत्रामुळे हृदय चालू असतं. कायद्यानं ठरवलेलं चार डॉक्टरांचं मंडळ कमीत कमी सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करून तसं प्रमाणपत्र देतं. त्यानंतर नातेवाइकांना विचारलं जातं. देहदान ही आणखी वेगळी गोष्ट, ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी असतं. हे समजावून न सांगता 'तुम्ही अवयवदान कराल का?' असं विचारलं, तर एक बाई डोळ्यांचा विचार करून उत्तर देते, दुसरी नवऱ्याला द्यायच्या किडनीचा, आणि तिसरीला वाटतं उद्याच दवाखान्यात यायला सांगताहेत. आपण मात्र तिघींची बेरीज एकाच रकान्यात मांडतो.

आता अशा पाहण्यांतून काय दिसतं ते पाहू. एक जुनं, गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९३ मध्ये गॅलप या संस्थेनं तिथल्या लोकांचं मत विचारलं. ८५ टक्के लोकांनी अवयवदानाला पाठिंबा दिला. पण स्वतःच्या अवयवदानाची परवानगी लिहून दिलेले होते २८ टक्के. त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता. तुमच्या घरातल्या माणसानं आपली इच्छा सांगून ठेवली असेल तर तुम्ही त्याचे अवयव द्याल का? ९३ टक्के लोक हो म्हणाले. आणि त्यानं कधीच काही सांगितलं नसेल तर? हो म्हणणारे ४७ टक्क्यांवर आले.

ही दुसरी जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते. दान होईल की नाही, हे माणसाच्या मनातल्या मतापेक्षा त्यानं ते घरात बोलून दाखवलं होतं का, यावर जास्त ठरतं. आता आपल्या घरांकडे बघा. आपल्याकडे बाई मरणाबद्दल बोलली तर 'अभद्र बोलू नकोस' म्हणून गप्प केली जाते. सवाष्ण मरावं एवढीच इच्छा तिनं बोलायची असते. मेल्यावर माझ्या शरीराचं काय करा, हे सांगायची जागा तिला कोण देतं? म्हणून 'तुमची तयारी आहे का?' या प्रश्नाच्या पुढे 'हे तुम्ही घरात कुणाला सांगितलंय? त्यांनी ऐकून घेतलं का?' हे प्रश्न हवेतच.

आता आपल्या देशाचं चित्र. २०२३ मध्ये भारतात अठरा हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली. त्या वर्षी मृत्यूनंतर अवयव दिलेले दाते मात्र अकराशेच्या आसपास होते. दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण दहा लाखांमागे चाळीसच्या वर आहे. मग आपल्याकडची बाकीची प्रत्यारोपणं कशी होतात? जिवंत माणसांनी दिलेल्या अवयवांवर. दहातली आठाहून जास्त तशीच होतात.

आणि ही जिवंत माणसं कोण आहेत? नोटो म्हणजे राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था. तिच्याकडची २०१९ ते २०२३ या पाच वर्षांची आकडेवारी पाहा. जिवंत दाते छप्पन्न हजारांच्या वर. त्यांत बायका छत्तीस हजार, म्हणजे जवळजवळ ६४ टक्के. ज्यांना अवयव मिळाले त्यांत मात्र पुरुष सुमारे ७० टक्के. मृत्यूनंतर ज्यांचे अवयव दिले गेले त्यांत पुन्हा पुरुष जास्त, कारण रस्त्यावरच्या अपघातांत डोक्याला मार लागून जाणारे बहुतेक पुरुषच असतात. थोडक्यात, पुरुष मेल्यावर देतात आणि बाई जिवंतपणी देते.

यावर डॉक्टर मंडळी काही कारणं सांगतात. ती आपण नीट ऐकली पाहिजेत, सगळ्यालाच पितृसत्ता म्हणून मोकळं होता येत नाही. पुरुषांचा मूत्रपिंडाचा आजार शेवटच्या टप्प्याला लवकर पोचतो, हे खरं आहे. बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तात नवऱ्याच्या आणि मुलांच्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झालेली असू शकतात, त्यामुळे त्यांचा अवयव तिला जुळणं अवघड जातं, हेही खरं आहे. पण जगभर पाहिलं तर मूत्रपिंडाचा दीर्घ आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा थोडा जास्तच आढळतो. मग त्या आजारी बायका प्रतीक्षायादीपर्यंत का पोचत नाहीत? आणि या शारीरिक कारणांतून बाईला अवयव कमी का मिळतात याचं थोडं उत्तर मिळालं, तरी द्यायला तीच पुढे का असते, याचं उत्तर मिळत नाही. आई आणि बायको यांच्या पेशींमध्ये देण्याचा काही वेगळा गुण नसतो. तो आपण लहानपणापासून शिकवतो. पोळी कमी पडली तर आई भूक नाही म्हणते, इथपासून ते शिक्षण सुरू होतं.

'दान' या शब्दाकडेही जरा बघा. आपल्या भाषेत बाई आणि दान यांचं नातं जुनं आहे. कन्यादानात तर तिचंच दान होतं, देणारा बाप असतो आणि घेणारा जावई. वस्तूला कुणी विचारत नाही. मी अवयवदान हा शब्द टाकून द्या म्हणत नाही, तो रुळलाय आणि त्यामागची भावना मोठी आहे. पण जे दान करायचं ते आधी देणाऱ्याचं स्वतःचं असावं लागतं. आपलं शरीर आपलं आहे असं जिला कधी वाटूच दिलं नाही, तिनं 'दान केलं' असं फॉर्मवर लिहिणं मला अवघड वाटतं.

आता एका पाहणीबद्दल सांगते, जिनं नेमका प्रश्न विचारला. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं अवयवांची खरेदीविक्री हा गुन्हा ठरवला. हा कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. तरी विक्री थांबली नव्हती. माधव गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नईत आपली किडनी विकलेल्या ३०५ जणांना भेटून माहिती घेतली, ती २००२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विकणाऱ्यांत ७१ टक्के बायका होत्या. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. कबूल केलेले पैसे पूर्ण मिळाले नाहीत. शस्त्रक्रियेनंतर घरचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशानं घटलं. ८६ टक्क्यांनी तब्येत बिघडल्याचं सांगितलं. आणि तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणाला हे करायचा सल्ला द्याल का, असं विचारल्यावर ७९ टक्के नाही म्हणाले.

पण त्या पाहणीतला मला आठवत राहतो तो प्रश्न वेगळा आहे. लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं, नवऱ्यानं न विकता तुम्ही का विकली? सगळ्यांत जास्त आलेली उत्तरं दोन होती. नवरा कमावता आहे, किंवा नवरा आजारी आहे. मैत्रिणींनो, या बायका घरी बसलेल्या नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच मजुरी करत होत्या, रस्त्यावर माल विकत होत्या. तरी कमावता म्हणजे नवराच. बाईचं काम कामात धरायचं नाही, म्हणून तिचं शरीर कापलं तरी घराचं काही अडणार नाही, असा हिशेब. बाजारातल्या विक्रीत चालतो तोच हिशेब घरातल्या प्रेमाच्या दानातही चालू असतो. 'तूच का, तो का नाही?' हा एक प्रश्न पाहणीत घातला, तर तो हिशेब लगेच कागदावर येतो.

आता कायद्याचं. कायद्यानं ज्यांना 'जवळचे नातेवाईक' म्हटलंय त्यांत नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण येतात. २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. सासू-सासरे, दीर, नणंद यांत येत नाहीत. त्यामुळे सुनेनं सासूला किंवा दिराला अवयव द्यायचा ठरला, तर प्राधिकार समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. हे आपल्या सल्ला केंद्रांत येणाऱ्या बायकांना सांगा. जवळच्या नात्यातल्या दात्याची तपासणी मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाच्या पातळीवरच होऊ शकते. लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, रक्ताच्या चाचण्या पाहिल्या जातात. नातं सिद्ध झालं की बहुतेकांना वाटतं काम झालं. पण नातं खरं असलं म्हणून होकार खरा ठरत नाही.

हे कायदा करणाऱ्यांच्याही लक्षात आलं असावं. २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. हा नियम आपल्यापैकी किती जणींना माहीत होता? मला कित्येक वर्षं माहीत नव्हता. पण 'दुसरी व्यक्ती' म्हणजे कोण? सासूनं सांगितलं, ती राजी आहे, तर पडताळणी झाली का? तिथे आपल्यासारख्या कुणाला तरी उभं राहता आलं पाहिजे. तिच्याशी एकटीशी, दार लावून बोलणारी समाजसेविका असायला हवी. काही देशांत तर दात्याला नाही म्हणायचं असेल, तर डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात की ती दाता म्हणून योग्य ठरली नाही. कारण तिच्यापाशीच राहतं. नाही म्हणून परत त्याच घरात राहायचं असतं, याची जाण त्यात आहे.

तिला पूर्ण माहितीही मिळाली पाहिजे. एका मूत्रपिंडावर निरोगी माणूस चांगला जगू शकतो, हे खरं आहे. पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वजन उचलायचं नसतं, तेव्हा पाणी कोण भरणार? दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि रक्त तपासायला हवं, ते पैसे कोण देणार? किडनी दिलेल्या बाईला पुढे दिवस गेले, तर रक्तदाब वाढण्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. मूल व्हायचं असलेल्या तरुण बायकोला हे आधी सांगायला नको का?

कुणी म्हणेल, या बोलण्यानं अवयवदानाचं नुकसान होईल. मला तसं वाटत नाही. बायकांवर पडलेला हा भार हलका करायचा खरा मार्ग मरणानंतरचं दान वाढवणं हाच आहे. मेंदूमृत माणसांचे अवयव जितके जास्त मिळतील, तितकं बायको-आईच्या शरीराकडे बघण्याची वेळ कमी येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोनं राज्यांना सूचना केली की मृत दात्यांच्या अवयवांसाठीच्या प्रतीक्षायादीत महिला रुग्णांना आणि आधीच्या मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना जादा प्राधान्य द्यावं. ही चांगली सुरुवात आहे. पण यादीत नावच नसलेल्या बाईला प्राधान्य मिळून काय उपयोग? यादीत नाव घालायला तिला आधी दवाखान्यात न्यावं लागतं.

आपल्या चळवळीचं या विषयाशी आणखी एक जवळचं नातं आहे. स्टोव्हच्या भडक्यात जळालेल्या बायकांसाठी आपण किती मोर्चे काढले, किती जबाब नोंदवायला पोलिसांशी भांडलो. त्या वॉर्डांत आपल्यापैकी काही जणी रात्र रात्र बसल्यात. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाला दान केलेल्या त्वचेचं तात्पुरतं आवरण घातलं तर जंतुसंसर्ग आणि वेदना कमी होतात, जगण्याची शक्यता वाढते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मरणानंतर मांड्या, पाठ अशा भागांवरचा त्वचेचा पातळ थर घेतात, शरीर विद्रूप होत नाही, फार रक्तही येत नाही. तरी त्वचादान हा शब्द आपल्या किती प्रश्नावल्यांत असतो? आपण बायकांनी बायकांसाठी करायचं हे काम आहे आणि त्यात कुणाला जिवंतपणी काही गमवावं लागत नाही.

आता शेवटी, पुढच्या वेळी प्रश्नावली हातात आली तर काय करायचं ते सांगते. बाईला एकटीला विचारा. घरात जमत नसेल तर नळावर, शाळेच्या फाटकापाशी, बचत गटाच्या बैठकीनंतर विचारा. डोळे, त्वचा, मेंदूमृत्यूनंतरचे अवयव आणि जिवंतपणीचं दान यांचे प्रश्न वेगवेगळे घाला. तुमच्या घरात आधी कुणी दिलंय का, कुणी कुणाला दिलं, त्यांना कुणी विचारलं होतं, हे विचारा. 'तुम्ही द्याल का?' याच्याबरोबर 'तुम्हाला गरज पडली तर तुम्हाला कोण देईल?' हेही विचारा. या प्रश्नावर बराच वेळ शांतता पसरते. ती शांतता कशी लिहायची, याला तुमच्या कागदावर जागा ठेवा. आणि 'तुम्ही नाही म्हणू शकाल का?' हा प्रश्न कधीच गाळू नका. जिला नाही म्हणता येतं, तिचाच होकार मोजायचा.

माझ्या त्या फॉर्मचं काय झालं, हे काहींनी चहाच्या वेळी विचारलं. तो तोवर पुढे गेला होता, परत मिळाला नाही. कुठल्या तरी टक्केवारीत ती खूण आजही असेल. मी त्या बाईला मात्र एक नवा कोरा फॉर्म नेऊन दिला. तिनं तो जावेबरोबर बसून भरला, आणि मरणानंतर डोळे व त्वचा द्यायचा रकाना दोघींनी आपापल्या हातानं भरला. सही करताना जाऊ म्हणाली, "ह्यावेळी मी दिलं."